डावा वेगळा, उजवा वेगळा

तीन पोती परत आली ती रविवारी सकाळी. टेम्पोवाल्यानं ती कारखान्याच्या दारात आपटली, धाकटीची, म्हणजे घरातल्या धाकट्या सुनेची, सही घेतली आणि जाता जाता म्हणाला, "बाई, सही तरी दोन्ही कागदांवर सारखी करा." म्हणजे बातमी टेम्पोवाल्यापर्यंत पोचली होती.

धाकटीनं पहिल्या पोत्याची सुतळी सोडली आणि आत हात घातला. साठ जोडे गेले होते ते खोक्यांत, डावा-उजवा मेणाच्या दोरीनं एकमेकांना बांधून. आले ते सुटे. कुणीतरी कात्रीनं दोऱ्या कापल्या होत्या, लाल चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि एकशेवीस नग बटाट्यांसारखे पोत्यांत कोंबले होते. सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच ओळ होती. डावा आणि उजवा एका मापाचे नाहीत.

"बरोबर लिहिलंय की," डॉक्टरीण म्हणाली. "नाहीतच."

डॉक्टरीण काही डॉक्टर नाही. वीस वर्षं दवाखान्यात लाद्या पुसल्या, मग इथं मापं घ्यायला बसली. पाय बघून माणसाचं दुखणं सांगते म्हणून नाव पडलं.

चूक झाली ती अशी. कंपनीनं कागद पाठवला होता, दवाखान्यातल्या नर्सबायांसाठी काळे जोडे, चार नंबर इतके, पाच नंबर इतके. दुसऱ्या कुठल्याही कारखान्यानं साचे काढले असते आणि धडाधड माल पाडला असता. पण ह्या कारखान्यात नंबर हा प्रकारच नाही. पंचेचाळीस वर्षांत इथं एक जोडा दोनदा झालेला नाही. आखूड पाय, वळलेले पाय, साखरेच्या आजारानं सुजलेले पाय, कापून अर्धे राहिलेले पाय, हेच इथलं गिऱ्हाईक. धाकटीनं कागदावरचा साठ हा आकडा तेवढा बघितला आणि डॉक्टरणीला दवाखान्यात धाडलं. तिनं तीन दिवस बसून साठजणींचे पाय कागदांवर काढून आणले, तेही ड्युटी संपताना, पाय फुगलेले असताना, कारण खरं माप तेव्हाच कळतं. अकरा बायकांनी महिनाभर मान वर केली नाही. प्रत्येकीच्या डाव्याला डावा, उजव्याला उजवा. कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही की कंपनीला पाय नको होते, नंबर हवे होते.

"आता रडायचं नंतर," डॉक्टरीण म्हणाली. "आधी जोड्या लावू."

तिनं ते साठ कागद आणले आणि जमिनीवर मांडले. पेन्सिलीनं काढलेली पावलं भिंतीपासून दारापर्यंत पसरली. बायका खाली बसल्या आणि एकेक नग पावलावर ठेवून बघायला लागल्या.

*

थोरला, धाकटीचा मोठा दीर, दहाच्या सुमाराला आला. तो दारात उभा राहिला तो उभाच राहिला.

"पाय कुठं ठेवू?"

"जिथं पाय नाही तिथं," आई म्हणाली.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत होती. बायका तिला उस्ताद म्हणतात. चौऱ्याहत्तर वर्षांची. तिचे हात मांडीवर थरथरत होते, दोन पाखरं कापडाखाली झाकून ठेवल्यासारखे. नऊ वर्षं झाली, तिच्या हातात चामडं कापायची रापी टिकत नाही.

थोरला भिंतीच्या कडेकडेनं आत आला. हे काम त्यानंच आणलेलं. तीस वर्षं गोदाम सांभाळतो, कंपनीतल्या एका साहेबाशी ओळख, तिथं शब्द टाकला होता.

"माझं नाक कापलं," तो म्हणाला. "साहेब मला विचारतो, तुमच्या कारखान्यात डावं-उजवं कळतं का?"

"तेवढं एकच कळतं," डॉक्टरीण म्हणाली.

"तू गप्प बस गं. हे घरचं चाललंय."

"मग घरी बोला की. इथं माझी बसायची जागा आहे."

थोरल्यानं तिच्याकडं पाठ केली. मग त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. कंपनी ही जागा घ्यायला तयार होती. यंत्रं बसवणार, नंबरांचा माल काढणार. कामावर चौघींना ठेवणार, ज्यांना यंत्र झेपेल त्यांना. धाकटीला सुपरवायझर करणार. बाकी सातजणींना दोन महिन्यांचा पगार आणि राम राम.

जागा थोरल्याच्या नावावर होती. बाप गेला तेव्हा थोरला एकोणीस वर्षांचा, तरी बापानं जाण्याआधी त्याच्याच नावावर केली. बाईच्या नावावर जागा कशाला, असं तो सरळ म्हणाला होता, आईसमोर. आई त्यावर काही बोलली नव्हती. तेव्हाही नाही, पुढंही नाही.

"सही मी एकटा करू शकतो," थोरला म्हणाला. "पण उद्या कुणी म्हणायला नको की थोरल्यानं विकून खाल्लं. तू, ताई आणि आई, तुम्ही तिघी हो म्हणा. धाकटे, तू आधी बोल."

धाकटीच्या हातात एक डावा होता. त्याचा उजवा सापडत नव्हता. सोळा वर्षांपूर्वी ती ह्या घरात आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. आता सगळं तीच बघते. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने पाण्यावर. कुणाचं पोर आजारी, कुणाचा नवरा मारतो, कुणाला उचल पाहिजे, सगळं तिच्या पदरात. आणि तिला एकदा, नुसतं एकदा, वाटलं की सुपरवायझर म्हणजे संध्याकाळी सहाला दार लावून घरी जायचं. ह्या विचाराची तिला लाज वाटली. विचार तरी गेला नाही.

"चूक माझी आहे, भाऊजी," ती म्हणाली. "कागद मी नीट वाचला नाही. मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

"म्हणजे हो?"

"हो."

डॉक्टरणीचा हात कागदावर थांबला. तिनं वर बघितलं नाही. आई खिडकीबाहेर बघत होती.

*

ताई आली तेव्हा खोलीत नुसता चामड्याचा वास आणि पावलांवर वाकलेल्या बायका. ताई सगळ्यांत मोठी, थोरल्याहून दोन वर्षांनी. शाळेत शिकवते. डावा पाय जन्मापासून चार बोटं आखूड. ती सात वर्षांची असताना बापानं सांगितलं होतं की एका भावात दोन तऱ्हेचे बूट शिवणं मला परवडणार नाही, आणि त्याच संध्याकाळी आईनं बापाची रापी उचलली होती. हा कारखाना सुरू झाला तो तिथून.

थोरल्यानं तिला कागद वाचायला दिला. तिनं उभ्याउभ्या वाचला, मास्तरणी वाचतात तसा, ओळीवर बोट ठेवून.

"ताई काय म्हणणार ते माहितेय मला," तो म्हणाला. "हिच्या पायासाठीच तर हा पसारा."

"विक," ताई म्हणाली.

आईनं मान वळवली.

"अशी बघू नकोस, आई. आज बोलून टाकते. गिऱ्हाईक आलं की तू मला हाक मारायचीस. चालून दाखव गं. मी हातातलं दप्तर ठेवायचे आणि चालून दाखवायचे. दारापर्यंत आणि परत. बावन्न वर्षांची झाले, अजून बाजारात कुणी ना कुणी माझ्या पायाकडं बघून म्हणतं, तुमच्यामुळंच सुरू झालं ना हे? माझ्यामुळं काही सुरू झालं नाही. माझा पाय आखूड होता, बाकी काही नाही. दर वर्षी तू नवा जोडा पाठवतेस आणि दर वर्षी तो घालताना मला वाटतं, फेडतेय मी. अजून फेडतेय."

तिनं कागदाची घडी घातली आणि थोरल्याच्या हातात परत दिली.

"चालून दाखव म्हणायचे खरी," आई म्हणाली. "गिऱ्हाईकाला पटायचं त्यानं."

"माहितेय मला."

"तुला वाईट वाटतं, हे नव्हतं माहीत मला."

"तू कधी विचारलंस?"

थोरल्यानं खिशातलं पेन काढलं. दोन झाल्या होत्या, आणि तिसरी, आई, काय बोलणार, तिच्याकडं बोलायला उरलंच काय होतं?

पण तेवढ्यात पोपट उठली.

पोपटला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. पण हातांनी इतकं बोलते की शेजारी बसणारीच्या बरगड्या शाबूत राहत नाहीत, म्हणून पोपट. मघापासून काय चाललंय ते तिला अर्धं कळत होतं, अर्धं नाही. ती बघत होती ताईचे पाय. ताई दारातून आली तेव्हापासून तेच बघत होती.

ती पावलं चुकवत ताईपर्यंत गेली, तिच्या गुडघ्यावर टकटक केलं आणि खूण केली. काढ.

"काय म्हणतेय ही?" ताईनं विचारलं.

"जोडा काढ म्हणते," धाकटी म्हणाली.

ताईला नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. पोपटनं तिला स्टुलावर बसवलं आणि डावा काढून घेतला. टाच उलटी करून बघितली, अंगठ्यानं झीज चाचपली, जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं, जसं आपलंच पोर पडून आलंय. मग भिंतीकडं गेली.

त्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत फळ्या आहेत आणि फळ्यांवर कलबुतं, म्हणजे लाकडी पाय, ज्यांच्यावर चढवून जोडा शिवतात. ज्याचा पाय, त्याचं कलबूत. माणूस मेलं तरी टाकायचं नाही. आणि जी बाई कलबूत कोरेल तिनं टाचेखाली आपली खूण करायची, कारण पूर्वी इथं कुणालाच लिहिता येत नव्हतं. आईची खूण फुली.

पोपटनं ताईचं कलबूत न शोधता काढलं, आपल्या घरातलं भांडं काढावं तसं. सोबत एक चामड्याचा पातळ तुकडा, आधीच कापून ठेवलेला. तो तिनं ताईच्या टाचेला लावून बघितला. तंतोतंत.

ताईनं कलबूत हातात घेतलं आणि उलटं केलं. टाचेखाली फुली नव्हती. एक छोटासा पक्षी कोरलेला होता.

"हे आईचं नाहीये," ती म्हणाली.

"उस्तादच्या हातून घास तोंडात जाईपर्यंत अर्धा सांडतो," डॉक्टरीण म्हणाली. "नऊ वर्षं झाली. जोडा काय ती पायानं शिवणार?"

"मला वाटलं, निदान माझा तरी... कसाबसा..."

पोपटचे हात भराभर चालायला लागले. धाकटी सांगत गेली. "ती म्हणते, तुमची कंबर डावीकडं झुकतेय. दर वर्षी थोडी. वयानं होतं. म्हणून ती दर वर्षी एक पदर वाढवते. तुम्ही वाटेनं जाताना ती बघून ठेवते. म्हणते, ह्या वर्षी तुम्ही जिने जास्त चढलात. शाळेत वरचा वर्ग दिला का?"

ताईचं तोंड उघडं राहिलं. "जूनपासून," ती म्हणाली. "तिसरा मजला."

तिला दर वर्षी वाटायचं, आई आपल्याला विसरू देत नाही. आणि इथं एक बाई, जिच्याशी ती नऊ वर्षांत नऊ शब्द बोलली नव्हती, तिची कंबर मोजत बसली होती. त्यात माया होती की नव्हती कुणास ठाऊक. काम होतं, आणि चोख होतं.

"त्या सातजणींत ही आहे का?" तिनं थोरल्याला विचारलं.

थोरल्यानं कागद बघायचं नाटक केलं. "यंत्राची घंटा ऐकू येणार नाही तिला. कंपनीचा नियम आहे. उद्या हात गेला तर?"

"आणि डॉक्टरीण?"

"वय."

"मग मी नाही म्हणते."

"अगं, आत्ता तर..."

"आत्ता मला वाटत होतं की मी उपकार घालून फिरतेय. तो उपकार नव्हता, थोरल्या. ते कुणाचं तरी काम होतं. मी रोज तीन मजले त्या कामावर चढते."

*

आता सगळे धाकटीकडं बघत होते. तिच्या हातात तो डावा अजून होताच.

ती खाली वाकली, दोन-चार नग चाचपले आणि एक उजवा उचलला. टाके बोटानं मोजले. मग दोन्ही एका पावलाच्या कागदावर ठेवले. बसले.

"भाऊजी, मी मघाशी हो म्हणाले ते लाजेनं. लाजेनं म्हटलेलं धरू नका. चूक माझ्या वाचण्यात आहे, जोड्यात नाही. ह्या साठजणी कुठं पळून गेलेल्या नाहीत. उद्या डॉक्टरीण आणि मी दवाखान्याच्या दारात बसतो. ज्यांचा जोडा त्यांना घालून बघू दे."

"आणि नाही घेतले तर?"

"थोडे तरी घेतील. नाही घेतले तर पोट आवळू, पहिल्यांदा नाही आवळणार. पण दुसरं एक मागायचंय तुमच्याकडं." तिनं तो जोडा दोरीनं बांधून बाजूला ठेवला. "ही जागा आम्हाला भाड्यानं द्या. अकराजणींच्या नावावर. आईंच्या नको, माझ्याही नको. मला सुपरवायझर करून सातजणींना काढणार, म्हणजे सुपरवायझर कुणावर होऊ, भिंतीवर? माझ्या एकटीच्या डोक्यावर हे सगळं मला झेपत नाही हो. अकराजणींनी मिळून उचलायचं. फायदा सगळ्यांचा, तोटाही सगळ्यांचा. मग पुढच्या वेळी कागद एकटी मी वाचणार नाही. अकराजणी वाचतील."

"आम्हाला वाचता कुठं येतं?" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"ताई शिकवेल," आई म्हणाली. "तेवढं फेडायला तिची हरकत नसेल."

ताई हसली. डोळे भरलेले होते, तरी हसली.

थोरला हसला नाही. तो पन्नास वर्षांचा माणूस त्या भिंतीला टेकून उभा होता आणि एकाएकी खूप दमलेला दिसत होता. लोकांना वाटलं, आता हा ओरडेल. कागद त्याचा, जागा त्याची, सही त्याची, अडवणार कोण? पण त्याच्या मनात पैसा नव्हताच. तो फळ्या बघत होता. लहानपणी तो शाळेतून यायचा आणि इथंच, ह्या दारात बसायचा, कारण घरी कुणी नसायचं. तेव्हापासून ह्या लाकडी पायांचा त्याला राग होता.

"सगळ्या गावाचे पाय आहेत इथं," तो म्हणाला. "मेलेल्यांचेसुद्धा. त्या पलीकडच्या सुताराचे, ज्यानं उधारी बुडवली, त्याचे पण. माझे कुठायत, आई?"

आई गोंधळली. "तुझे? तुझे पाय चांगले होते, बाळा. सारखे होते."

"तेच तर म्हणतोय मी. माझे सारखे होते. म्हणून माझ्याकडं कुणी बघितलंच नाही."

हे तो मोठ्यानं बोलला नाही. पण आईचे हात, जे नऊ वर्षं थांबले नव्हते, ते तिनं एकमेकांत घट्ट धरले.

डॉक्टरीण खालून त्याच्या काळ्या, दुकानातून आणलेल्या बुटांकडं बघत होती. "डावा काढ," ती म्हणाली.

"काय?"

"डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय ना तुझं? येताना डावा पाय चोरत आलास. काढ."

तो काढणार नव्हता. पण बायका बघत होत्या, आणि नख खरंच काळं होतं, वर्षानुवर्षं. त्यानं बूट काढला, मोजा काढला.

आई खुर्चीतून उठली. धाकटी धरायला धावली तर तिला बाजूला सारून ती सावकाश खाली बसली, कागदांच्या मधे, थोरल्याच्या समोर.

"आई, हे काय? माझ्या पायाशी नको बसू."

"जन्मभर लोकांच्या पायाशीच बसलेय मी. तुझ्याच तेवढ्या बसले नाही. कागद दे गं."

"कोरा संपला, उस्ताद," डॉक्टरीण म्हणाली. "साठ गेले."

आईनं वर बघितलं. "तुझ्या हातात आहे तो?"

थोरल्याच्या हातात कंपनीचा कागद होता. त्यानं त्याच्याकडं बघितलं. तळाशी सहीची जागा कोरी होती. पोपट, जिला ह्यातलं काही ऐकू आलं नव्हतं, तीसुद्धा त्या कोऱ्या जागेकडं बघत होती.

त्यानं कागद उलटा केला, जमिनीवर ठेवला आणि त्यावर डावा पाय ठेवला.

आईनं पेन्सिल घेतली. ती इतकी थरथरत होती की टोक कागदावर टेकेना. ताई एका पायात जोडा तशीच उठली, आईमागं वाकली आणि तिच्या मनगटाला आधार दिला. रेघ निघाली. वाकडी, नागमोडी, पण टाचेपासून अंगठ्यापर्यंत निघाली. मग उजव्याची, त्याच्या शेजारी. डॉक्टरणीनं दोऱ्यानं दोन्ही मोजले.

"डावा अर्धं बोट लांब आहे," तिनं सांगितलं. "सारखे म्हणे."

आई त्या दोन पावलांकडं बघत राहिली. "पन्नास वर्षं," ती म्हणाली, आणि त्याच्या काळ्या नखावर बोट ठेवलं.

थोरल्यानं डोळे पुसले नाहीत, नाक तेवढं ओढलं. "भाडं मात्र पुरतं घेईन मी," तो म्हणाला. "पहिल्या तारखेला. अकराजणी असू दे नाहीतर अकराशे."

"घे की," आई म्हणाली. "जोडाही फुकट मिळणार नाही तुला. रेघ घोट्याशी चुकलीय, पुन्हा काढते. पाय ठेव. आणि हलवू नकोस."